आधी मिठाचे वजन, मग टक्के

मिश्रणाच्या गणितांत मुले अडतात ती समीकरण सोडवताना नव्हे, तर मांडताना, हे पेडण्यात नववी-दहावीच्या मुलांना शिकवताना मला सतत जाणवते. १० टक्के आणि २५ टक्के संहतीची दोन द्रावणे समोर आली की हात आपोआप बेरजेकडे किंवा सरासरीकडे वळतो. पण टक्केवारी हे गुणोत्तर आहे, आणि बेरीज करता येते ती फक्त विरघळलेल्या पदार्थाच्या वजनाची.

म्हणून मी मिसळण्याच्या आधी आटवण्याचे गणित घेते, कारण आगरवाड्याची मिठागरे मुलांच्या पाहण्यातली असतात. समुद्राच्या पाण्यात वजनाने साधारण साडेतीन टक्के क्षार असतात, म्हणजे १०० किलो पाण्यात ३.५ किलो. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मागेच राहतात, आणि संहती २५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली की मिठाचे स्फटिक धरू लागतात. त्या वेळी उरलेले द्रावण क्ष किलो मानले, तर ०.२५क्ष = ३.५, म्हणून क्ष = १४; म्हणजेच मीठ दिसू लागण्यापूर्वी ८६ किलो पाण्याची वाफ झालेली असते. (मिठाच्या आधी थोडे जिप्समही तळाशी बसते, ते मी या हिशेबात धरत नाही.) पाणी बदलले, टक्के बदलले, ३.५ मात्र जागचे हलले नाहीत, एवढे पटले की पुढची वाट सोपी होते.

आता १० आणि २५ टक्क्यांच्या मिठाच्या द्रावणांपासून १५ टक्क्यांचे ३० किलो द्रावण करायचे आहे. २५ टक्क्यांचे क्ष किलो घेतले, तर दुसरे ३० − क्ष. मिठाचा हिशेब असा: ०.२५क्ष + ०.१०(३० − क्ष) = ४.५; यातून क्ष = १०. सौम्य द्रावण दुप्पट लागते, कारण १५ हा आकडा २५ पेक्षा १० ला दुप्पट जवळ आहे. उत्तर काढण्यापूर्वीच हा अंदाज बांधावा, असा माझा आग्रह असतो.

पुस्तकांत बहुधा लिटर असतात. मी मात्र किलो घेते. ५० मिलिलिटर अल्कोहोल आणि ५० मिलिलिटर पाणी एकत्र केल्यास १०० नव्हे, सुमारे ९७ मिलिलिटर भरते. वजनाची बेरीज मात्र कोणत्याही मिश्रणात तंतोतंत जुळते.