मिनी ट्रॅक्टर सेल्फ घेईना? पाना नंतर, मीटर आधी

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली, पोंगे फुटले, आभाळ भरून आलं की डाऊनीच्या (पानांवरच्या बुरशीरोगाच्या) धास्तीनं फवारणी एक दिवसही पुढं ढकलता येत नाही. तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ पट्ट्यात ब्लोअर ओढणारा मिनी ट्रॅक्टर सेल्फ घेईनासा होतो तो बहुतेक याच दिवसांत. मग बॉनेट उघडायचं, सेल्फचे, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटरचे, बोल्ट सोडायचे, तो पिशवीत घालून सेल्फ-डायनामोच्या दुकानात न्यायचा. दुकानदार टेबलावर बॅटरी जोडतो आणि सेल्फ गरकन फिरतो. तरी कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) बदलले जातात, ग्रीस मारलं जातं, बिल होतं. परत बसवला की चार दिवस चालतो आणि पुन्हा टक्.

ते चार दिवसही तो चालतो, कारण काढताना-बसवताना केबलचे नट घासले जाऊन घट्ट बसलेले असतात. दोष सेल्फमध्ये नव्हता, जोडणीत होता.

थोडं गणित करू. लहान डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ साधारण 150 ते 250 अँपियर ओढतो. हेडलाइटचा बल्ब ओढतो पाचेक अँपियर. आता बॅटरीच्या टर्मिनलवर पांढऱ्या-हिरव्या थराचा फक्त 0.01 ओहम रोध धरा. लाइटच्या पाच अँपियरला त्यात 0.05 व्होल्ट पडतात, त्यामुळे लाइट झकास लागते. सेल्फच्या 200 अँपियरला तिथंच 2 व्होल्ट जातात. म्हणून ‘लाइट तर फुल लागतीय, हॉर्न पण वाजतोय, म्हणजे बॅटरी बरी आहे’ हा निष्कर्ष काढता येत नाही. लाइट हा सेल्फचा साक्षीदार नव्हे.

द्राक्षबागेतल्या ट्रॅक्टरला हा रोग जास्त का, तेही सांगतो. मोरचूद, गंधक, बोर्डो यांचा तुषार ब्लोअरच्या मागून सुटला तरी वाऱ्यानं अख्ख्या ट्रॅक्टरवर बसतो. बॅटरीतून आम्लाची वाफ निघत असतेच. तांब्याच्या लगला (केबलच्या टोकाच्या कडीला) हिरवा-निळा थर चढतो, शिशाच्या क्लॅम्पवर पांढरं फूल येतं. त्यात फवारणी झाली की प्रेशर गननं धुवायची सवय. पाण्याचा झोत थेट सेल्फवर आणि न्यूट्रल स्विचवर (गिअर न्यूट्रलला असेल तरच सेल्फ लागू देणारा स्विच) मारला जातो. बाहेरून ट्रॅक्टर चकाचक दिसतो, आत गंज सुरू होतो.

तेव्हा साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, तो चार-पाचशे रुपयांचाही चालेल. आधी गिअर न्यूट्रलला, पीटीओ (अवजार फिरवणारा शाफ्ट) बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड.

पहिली मोजणी बॅटरीची. ट्रॅक्टर रात्रभर उभा असेल तर सरळ मोजा. नुकताच बंद केला असेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावून वरवरचा चार्ज उतरवा, मग लाइट बंद करून मोजा. 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी. 12 च्या खाली असेल तर पुढचं काहीच तपासू नका, आधी चार्ज करा. उतरलेल्या बॅटरीवर केलेल्या सगळ्या तपासण्या खोटी उत्तरं देतात. झाकणाची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरही (ॲसिडची घनता दाखवणारी नळी) घाला. भरलेल्या बॅटरीच्या सहाही सेलमध्ये 1.250 ते 1.280 च्या दरम्यान आकडा यायला हवा. पाच सेल सारखे आणि एक 1.150 वर, तर तो सेल गेला. कितीही चार्ज केलं तरी ती बॅटरी सेल्फच्या भाराला टिकणार नाही. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच, प्लेटांवर सेंटिमीटरभर येईल इतकं. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खातात, आणि वरून ॲसिड ओतणं हा तर बॅटरी मारण्याचा जुना उपाय आहे.

दुसरी मोजणी भाराखाली. इंजिन चालू होऊ नये म्हणून बंद करायचा नॉब ओढून धरा, किंवा डिझेल सोलेनॉइडची (इंजिनचं डिझेल तोडणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर काढा. मीटरच्या दोन्ही पिना बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर, म्हणजे वर आलेल्या खुंट्यांवर, टेकवा (क्लॅम्पवर नाही), आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, पाचेक सेकंद. आकडा साडेनऊच्या खाली गेला तर एकतर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ अतोनात करंट ओढतोय. आकडा 11 च्या वर राहिला आणि तरीही इंजिन रडत फिरतंय किंवा फिरतच नाही, तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाहीये. इथून पुढचा शोध केबलचा.

तिसरी मोजणी सगळ्यात कामाची, आणि नेमकी तीच फारसं कुणी करत नाही. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टवर, काळी पिन सेल्फच्या जाड बोल्टवर, जिथं बॅटरीची केबल येते आणि कित्येक सेल्फवर 30 असा आकडा असतो. सेल्फ मारा. मीटरवर जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट त्या वाटेत वाया जातायत. 0.2-0.3 पर्यंत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दोष सापडला. आता तसंच अर्थिंगच्या, म्हणजे बॉडीतून निगेटिव्हला परतणाऱ्या करंटच्या, बाजूला: काळी पिन निगेटिव्ह पोस्टवर, लाल पिन सेल्फच्या अंगावर, रंग खरवडून. तीच मर्यादा. आकडा मोठा आला तर पिन एकेक जोड पुढं सरकवत न्या. पोस्ट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते लग, लग ते बोल्ट. ज्या जोडावर आकडा उडी मारेल तोच चोर.

बहुतेक वेळा चोर अर्थिंगच्या बाजूला सापडतो. पॉझिटिव्ह केबल सगळे घासतात, निगेटिव्ह जिथं गिअरबॉक्सला बोल्टनं बसते तिकडं कोण बघत नाही. खंडेनवमीच्या आधी रंगवून आणलेला ट्रॅक्टर दुसऱ्याच आठवड्यात सेल्फ घेईनासा झाला तर पहिल्यांदा तो बोल्ट सोडा. लगच्या खाली नवाकोरा रंग असतो, आणि रंगातून करंट जात नाही.

साफसफाई सोपी आहे. निगेटिव्ह आधी काढायची, लावताना ती सगळ्यात शेवटी. उलट केलं आणि पाना पॉझिटिव्हवरून बॉडीला टेकला तर पाना वेल्डिंग होतो. ग्लासभर कोमट पाण्यात मोठा चमचा खायचा सोडा, जुना टूथब्रश. बॅटरीची झाकणं घट्ट लावून घासा, सोडा सेलमध्ये जाता कामा नये. कोरडं करून पोस्ट आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासा, आवळा, आणि आवळल्यानंतर वरून व्हॅसलीन फासा.

केबल स्वतः तपासताना लगजवळचं रबर दाबून बघा. आत कुरकुर लागली तर तांब्याची भुकटी झालीय. नवी केबल मिनी ट्रॅक्टरला किमान 35 चौरस मिलिमीटर तांब्याची घ्या. बाजारात जाड रबर आणि आत बारीक ॲल्युमिनियम असलेली केबल मिळते. ती दिसायला दांडगी, पण तेवढ्याच जाडीत तांब्याच्या दीडपटीहून जास्त रोध. लग हातोडीनं चेपलेला नको, क्रिंपिंग मशीनवर दाबलेला हवा.

आता आवाजाकडे वळू, कारण जुना फिटर मीटरच्या आधी कान लावतो आणि त्यात चूक काही नाही.

टक-टक-टक-टक असा मशीनगनसारखा आवाज म्हणजे बॅटरी किंवा जोडणी. सेल्फवरच्या सोलेनॉइडमध्ये (मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) दोन कॉइल असतात, एक ओढणारी आणि एक धरून ठेवणारी. ओढणारी बेंडिक्स (इंजिनच्या दातांत अडकणारं सेल्फचं दातेरी चाक आणि त्याचा क्लच) पुढं ढकलते आणि तांब्याची चकती दोन बोल्टांवर आपटते. मोटर करंट ओढू लागते, व्होल्ट कोसळतात, धरणाऱ्या कॉइलचं बळ सुटतं, चकती मागं येते. भार गेला की व्होल्ट परत वर, पुन्हा ओढ. सोलेनॉइड बिचारा आपलं काम करतोय, त्याला बदलून काही होत नाही.

एकच टणक टक् आणि पुढं शांतता, त्यात लाइट मंद होत नाही: सोलेनॉइडचे आतले बोल्ट किंवा चकती जळालीय, नाहीतर कार्बन झिजून जेमतेम टेकतायत. तोच एक टक् आणि लाइट पार बसते: मोटर अडकलीय किंवा इंजिनच जाम आहे. अशा वेळी पुलीच्या नटला पाना लावून इंजिन हातानं फिरवून बघा. फिरत नसेल तर सेल्फला दोष देऊन उपयोग नाही, आणि सिलिंडरमध्ये पाणी किंवा डिझेल उतरलं असेल तर सेल्फ मारत राहिल्यानं कनेक्टिंग रॉड वाकतो.

आवाजच नाही, तर किल्लीची बारीक वायर बघा, सोलेनॉइडवरचं 50 नंबरचं टोक. किल्ली फिरवून धरल्यावर तिथं साडेदहाच्या आसपास व्होल्ट हवेत. शून्य असतील तर फ्यूज, न्यूट्रल स्विच, क्लच स्विच, किल्ली या क्रमानं मागं जा. आठ-नऊ येत असतील तर किल्लीचे आतले पॉइंट जळालेत, कारण ओढणारी कॉइल क्षणभर का होईना तीस-चाळीस अँपियर खाते आणि तो सगळा भार किल्लीवरून जातो. इथं 40 अँपियरची रिले (लहान करंटनं मोठा करंट जोडणारा स्विच) घाला. किल्लीनं फक्त रिले चालवायची, रिलेनं बॅटरीवरून सोलेनॉइड. स्वस्तात मस्त दुरुस्ती आहे, आणि किल्लीही टिकते.

व्होल्ट पूर्ण येतायत, तरी आवाज नाही, पण सेल्फवर हातोडीनं टकटक केलं की लागतो? कार्बन. ओढणाऱ्या कॉइलचं अर्थिंग मोटरच्या कार्बनमधूनच होतं, त्यामुळे कार्बन टेकत नसतील तर सोलेनॉइडही मुका होतो. ठोकून चालवणं हा घरी पोचण्यापुरता उपाय. सेल्फ कायम चुंबकाचा असेल तर तोही नको, आतले चुंबक तडकतात.

मोटर घुंई करून फिरते आणि इंजिन जागचं हलत नाही: बेंडिक्सचा क्लच घसरतोय. तो दुरुस्त होत नाही, बदलायचाच. करकर घासल्याचा आवाज: पिनियनचे (बेंडिक्सच्या दातेरी चाकाचे) किंवा ते ज्यात अडकतं त्या इंजिनच्या फ्लायव्हील रिंगचे दात. तीन सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळं ठराविक तीनच जागी थांबतं, म्हणून रिंग तीनच ठिकाणी झिजते. कधी लागतो, कधी करकरतो, आणि पुली थोडी फिरवली की लागतो, असं असेल तर नवा बेंडिक्स टाकून पैसे घालवू नका. रिंगचे दात टॉर्च लावून पूर्ण फेरा बघा.

एक गोष्ट मात्र सोडा. स्क्रू ड्रायव्हरनं 30 आणि 50 चे बोल्ट जोडून चालू करणं. चाकाजवळ उभं राहून हे केलं की न्यूट्रल स्विच बाजूला पडतो, आणि ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर मागचं चाक अंगावर येतं. माणसं अशी गेलीयत. रात्री ट्रॅक्टर उतारावर लावून चाकाखाली दगड ठेवायचा आणि पहाटे दगड काढून चालू करायचा, ही पद्धतही त्याच जातीची.

सगळ्या मोजण्या पास झाल्या आणि तरी दोष राहिला, तर आता सेल्फ सोडवा. बॅटरीची निगेटिव्ह काढल्याशिवाय हात घालायचा नाही. आत चार कार्बन असतात; नव्याच्या निम्म्यावर आले की चारही एकदम बदला, स्प्रिंगसकट. कम्युटेटर (कार्बन ज्यावर टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) काळा असेल तर बारीक पॉलिश पेपरनं घासा, एमरीनं नको, तिची कडक भुकटी आत अडकते. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक पट्ट्यांपेक्षा अर्धा मिलिमीटरभर खाली हवा, वर आला असेल तर कार्बन उड्या मारतात. आर्मेचरच्या (मोटरच्या फिरत्या भागाच्या) अंगावर एका बाजूला घासल्याची चकाकी दिसली तर बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या कड्या) गेलेत. आर्मेचर पोलला (भोवतीच्या चुंबकाला) घासतो, करंट दुप्पट खातो, आणि बाहेरून मात्र ‘बॅटरी वीक’ असल्यासारखंच वाटतं. नवे बुश रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवून मगच ठोका. आर्मेचरचं शॉर्टिंग ग्रोलरवर (आर्मेचर तपासायच्या यंत्रावर) बघून घ्या, साध्या टेस्ट लॅम्पला ते सापडत नाही. बेंडिक्स डिझेलमध्ये बुडवून धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं आणि महिन्याभरात घसरायला लागतो. कोरड्या फडक्यानं पुसायचा. आत काळं ऑइल सापडलं तर क्रँकचं मागचं सील गळतंय, ते न बदलता सेल्फ परत बसवला तर तो परत येणारच.

बसवताना सेल्फची आणि हाऊसिंगची बसायची जागा रंग-माती खरवडून धातू दिसेपर्यंत साफ करा, अर्थिंग तिथूनच जातं. केबलचे नट घट्ट, पण सोलेनॉइडचे तांब्याचे बोल्ट फिरतील इतके नाहीत. दुसऱ्या पान्यानं आतला नट धरून आवळा. रबरी टोपी परत चढवा. निगेटिव्ह शेवटी. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थंड होऊ द्या. हिवाळ्याच्या पहाटे ग्लो प्लगची (इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगची) लाइट विझेपर्यंत थांबा, बराच वेळ सेल्फ मारत बसणं तिथंच वाचतं. इंजिन चालू झालं की थ्रॉटल वाढवून बॅटरीवर पुन्हा मीटर लावा. 13.8 ते 14.4 च्या दरम्यान आकडा नसेल तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) किंवा त्याचा बेल्ट बघा. आणि ट्रॅक्टरवर जादा एलईडी पट्ट्या, ॲम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर असतील तर ते लावून हीच मोजणी परत करा.