मोटर थांबली की आटणारी नदी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या राज्यातील एका थीम पार्कमध्ये रिव्हर रॅपिड्सच्या, म्हणजे राफ्टमध्ये (तराफ्यासारख्या होडीत) बसून खळाळत्या पाण्यातून वाहत जाण्याच्या राइडच्या रांगेत आम्ही पाऊण तास उभे होतो, तेव्हा खालून फेसाळत जाणाऱ्या पाण्याकडे एकटक पाहत आईने विचारले, "एवढं पाणी रोज आणतात कुठून?" सोलापुरात काही दिवसांआड येणाऱ्या नळावर आणि भरून ठेवलेल्या पिंपांवर जिचा संसार झाला, तिला लाटांच्या भीतीआधी पाण्याचा हिशेब सुचला, याचे मला नवल वाटले नाही.

ते पाणी रोज आणावे लागत नाही, तेच ते फिरत राहते. राइड म्हणजे काँक्रीटचा एक वळणावळणाचा उतरता पाट असतो. खालच्या हौदात जमणारे पाणी प्रचंड मोटारी उपसून वरच्या टोकाला सोडतात आणि तेथून ते स्वतःच्या वजनाने पुन्हा खाली येते. पाट जेथे अरुंद केलेला असतो तेथे वेग वाढतो, तळाशी बसवलेल्या अडथळ्यांवर आपटून लाटा उठतात, आणि उडून किंवा वाफ होऊन जे कमी होते तेवढीच भर घालावी लागते. राफ्टला रूळ नसतो, सुकाणू नसते. ती गोल असते आणि तिच्याभोवती हवा भरलेले रबरी कडे असते, त्यामुळे काठाला धडकली की ती गिरकी घेते. म्हणूनच कोरडी जागा शोधण्यासाठी भाच्याने पुढच्या सात-आठ राफ्टचे जे बारकाईने निरीक्षण केले, ते सर्वस्वी वाया गेले. शेवटी एक सरकता पट्टा राफ्टला वर ओढून फलाटाशी आणतो.

या प्रकारची पहिली राइड, थंडर रिव्हर, स्वित्झर्लंडच्या इंटामिन कंपनीने अमेरिकेतील ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड पार्कसाठी बांधली आणि ती १९८० मध्ये सुरू झाली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ऑग्सबुर्ग येथील कृत्रिम प्रवाहात झालेल्या होड्यांच्या शर्यतींवरून ही कल्पना सुचल्याचे सांगतात. आमचे भीमेवरील उजनी धरणही १९८० मध्येच पूर्ण झाले. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण सोलापूरकराच्या डोक्यात तो चटकन जुळतो.

राफ्टमध्ये बसल्यावर मला लाटांची भीती वाटली नाही. माझे लक्ष राहून राहून काठावरच्या ओल्या रेषेकडे जात होते. पातळी हाच या राइडचा प्राण आहे. ऑस्ट्रेलियातील ड्रीमवर्ल्ड पार्कमध्ये २५ ऑक्टोबर २०१६ रोजी एक मोटर बंद पडल्याने पाणी झपाट्याने उतरले, पट्ट्याजवळ एक राफ्ट अडकून राहिली आणि मागून येणारी राफ्ट तिच्यावर आदळली. त्यात चौघांचा मृत्यू झाला आणि ती राइड पुन्हा कधीच सुरू झाली नाही. वरून जंगली दिसणारी ही नदी मुळात एक यंत्र आहे, आणि त्यातले पाणी हा त्या यंत्राचाच एक भाग आहे, हे त्या घटनेबद्दल वाचल्यापासून माझ्या मनातून गेलेले नाही.

मात्र बटनावर वाहणाऱ्या नदीला हसण्याचा अधिकार आम्हाला नाही. उन्हाळ्यात कोरडी पडलेली आमची भीमा उजनीचे दरवाजे उघडले की वाहू लागते. ते पाणी वाळूत मुरत, वाटेत उपसले जात औज बंधाऱ्यापर्यंत पोहोचते आणि टाकळीच्या मोटारी ते शहराकडे चढवतात. आषाढीला वारकऱ्यांच्या स्नानासाठी चंद्रभागेतही उजनीतूनच पाणी सोडले जाते. फरक इतकाच, की आमच्याकडे खाली गेलेले पाणी पुन्हा वर येत नाही.

फलाटावर उतरल्यावर आईने पदर पिळला, खाली पडलेल्या पाण्याकडे पाहिले आणि तेही पुन्हा हौदात जाते का, असे विचारले. फलाटाच्या कडेची जाळी आणि त्याखालची नाली मी तिला दाखवली. तिचे समाधान झाले. मग ती म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनेच निघू, परवा आपल्या गल्लीत पाण्याचा दिवस आहे."