शालूच्या पिंजऱ्यातला वाफसा

वाफसा हा पेरणीच्या ओलीचा शब्द बार्शी सोडल्यापासून माझ्या तोंडात आला नव्हता. मिनेसोटात तो कुठे लागणार? इथली जमीन चार महिने दगडासारखी गोठलेली, आणि उरलेल्या दिवसांत आमचा मातीशी संबंध घरापुढची हिरवळ कापण्यापुरता. पण गेल्या फेब्रुवारीपासून हा शब्द आमच्या घरात रोज निघतो. माझी अकरा वर्षांची लेक शाळेतून आली की दप्तर टाकते, पिंजऱ्याचं दार उघडते, मातीत बोट खुपसते आणि तिथूनच ओरडते, "आई, वाफसा आहे!"

पिंजरा शालूचा. शालू म्हणजे आमची व्हेल्ड शॅमेलियन, रंग बदलणाऱ्या सरड्यांतली एक. गेल्या गणपतीत एका ब्रीडरकडून आणली तेव्हा तीन महिन्यांची होती. अंग करंगळीएवढं आणि तेवढीच शेपूट. आईने व्हिडिओ कॉलवर तिला पाहिलं आणि म्हणाली, "बया, हिरवा शालू नेसून बसलीय." तेच नाव पडलं. तिची जात मूळची येमेनची आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातली. येमेनच्या डोंगरउतारांवर पायऱ्यापायऱ्यांची शेतं आहेत आणि त्यांत पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी पिकते. हे बार्शीला ज्वारी करणाऱ्या आप्पांना सांगितलं त्या दिवसापासून शालू त्यांच्या लेखी गाववाली झाली.

भारतातून वाचणाऱ्यांना आधीच सांगते. आपल्याकडे रानात, बांधावरच्या झाडांवर दिसणारा शॅमेलियन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो धरून आणायचा नाही, पाळायचा नाही. रस्ता ओलांडताना दिसला तर गाडी थांबवा, त्याला जाऊ द्या.

तर पिंजरा. २ फूट बाय २ फूट, उंची ४ फूट, चारी बाजूंनी जाळी. तळाला प्लास्टिकचा खोल ट्रे. त्यात सगळ्यात खाली भाजक्या मातीच्या गोळ्यांचा दोन इंची थर, त्यावर बारीक जाळी, त्यावर चार इंच कोकोपीट आणि माती. त्यात फायकस, मनी प्लांट आणि एक जास्वंद. जास्वंदीची फुलं शालू आवडीने खाते, पानांचेही लचके तोडते. मातीत स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड सोडलेले. विष्ठा, बुरशी, गळलेली पानं हे बारके जीव खातात आणि माती जिवंत राहते. पहिले तीन महिने सगळं छान चाललं होतं.

डिसेंबरात घर तापवणारा फर्नेस सुरू झाला आणि घरातली हवा पापडासारखी कोरडी झाली. फांदीला टांगलेला हायग्रोमीटर २० टक्के दाखवायला लागला. शॅमेलियन वाटीतलं पाणी पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. पाणी कमी पडलं की डोळे खोल जातात, मूत्रपिंडं बिघडतात. मी घाबरले. फवारणीचा पंप टायमरवर होता, दिवसातून दोनदा चालायचा. तो मी चारदा केला, मग सहादा. प्रत्येक वेळी आकडा ७० वर जायचा आणि दहा-पंधरा मिनिटांत परत २० वर. मी आणखी पाणी वाढवायची.

पाणी हवेत राहतच नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले. जाळीच्या पिंजऱ्यातली ओलसर हवा क्षणात खोलीभर पांगत होती आणि फवारलेलं बाकी सगळं पाणी पानांवरून ओघळून मातीत उतरत होतं. हायग्रोमीटर हवेतली आर्द्रता सांगतो. खाली मातीचं काय झालंय, हे त्याला कळायचा प्रश्नच नाही. वर दुष्काळ आणि खाली तळं अशी स्थिती झाली होती आणि मी फक्त वर बघत होते.

माती आपल्या परीने सांगत होती. आधी चिलटं झाली. मग फायकसची पानं पिवळी पडून गळायला लागली आणि मला वाटलं, पाणी कमी पडतंय. जानेवारीत एकदा मेलेलं पान उचलताना बोट खोल गेलं आणि कुजक्या अंड्यासारखा वास आला. तो वास मी ओळखायला हवा होता. हवा न मिळालेल्या, तुंबलेल्या मातीचा वास आहे तो. लहानपणी कालव्याखालच्या रानात घेतलेला.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शालूने खाणं सोडलं. अंग काळपट हिरवं झालं आणि त्यावर पिवळे, निळसर ठिपके उमटले. कुशीत द्राक्षं भरल्यासारखे उंचवटे दिसायला लागले. व्हेल्ड शॅमेलियनची मादी नराशिवायही अंडी धरते, कोंबडीसारखी. ती अंडी घालायला तिला माती उकरून बोगदा करावा लागतो, आणि मनाजोगी जागा मिळाली नाही तर ती अंडी आत धरून ठेवते. त्यात जीव जातो. हे मी वाचलेलं होतं, पण तिच्यावर इतक्या लवकर वेळ येईल असं धरून चालले नव्हते.

ती खाली उतरली. झाडावर राहणारा जीव जमिनीवर चालताना फार केविलवाणा दिसतो. फायकसच्या बुंध्याशी तिने पुढच्या पायांनी उकरायला सुरुवात केली. दोन इंच गेली असेल, भोकाच्या तळाला पाणी पाझरलं. कडा आत कोसळल्या. ती थांबली, एक डोळा खड्ड्याकडे आणि एक माझ्याकडे करून बराच वेळ तशीच राहिली, मग दुसऱ्या कोपऱ्यात गेली. तिथेही तेच. तिसऱ्या ठिकाणी नखं खालच्या जाळीला लागली. संध्याकाळी चिखलाने माखलेले पाय घेऊन ती वर चढली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रे काढला. आत अंडी खच्चून भरलेली. "अजून ताकद आहे तिच्यात. आज रात्रीपर्यंत नीट जागा करून द्या. मलूल झाली, दिवसा डोळे मिटून बसली तर लगेच घेऊन या," एवढं त्यांनी सांगितलं.

गाडीत बसल्या बसल्या मी आप्पांना फोन लावला. का लावला, सांगता येणार नाही. आप्पांनी आयुष्यभर काळ्या रानात ज्वारी केली, सरड्यांबद्दल त्यांना काय माहीत? पण मातीचं विचारायला माझ्याकडे दुसरं माणूस नव्हतं.

"पाणी किती द्यायलीस?" पहिला प्रश्न.

आठवड्याला दहा लिटरची टाकी रिकामी होते, मी म्हणाले.

"जागा किती?"

दोन फूट बाय दोन फूट, म्हणजे सुमारे ०.३७ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस, हे आप्पांचं रोजचं गणित. त्यांनी मनातल्या मनात केलं. "आठवड्याला २७ मिलिमीटर. दर आठवड्याला. वर ऊन नाही, वारं नाही. आगं, रान चिबडलंय तुझं. त्यात कोण बीळ करंल?"

खाली निचऱ्याला गोळ्यांचा थर आहे, मी म्हणाले. ह्या थरावर माझी फार भिस्त होती. पण बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहजी उतरत नाही. वरची माती पुरती तुंबेपर्यंत ती ते धरून ठेवते. ओला स्पंज खडीवर ठेवून बघा. खडीत कितीही फटी असोत, स्पंजाचा खालचा भाग ओलाच राहतो. गोळ्यांचा थर जादा पाणी साठवायला उपयोगी आहे, माती कोरडी करायला नाही.

"वाफसा आणायला वेळ नाही आता," आप्पा म्हणाले. "नवी माती कर. मला दाखव."

ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: पावसानंतर जमिनीतलं जादा पाणी उतरून गेलं, पण ओल टिकून आहे आणि मातीच्या कणांमध्ये हवाही खेळतेय, अशा अवस्थेला वाफसा म्हणतात. तेव्हाच पेरणी करायची. आधी केली तर चिखल, उशीर केला तर ढेकळं.

एक फूट खोल टब घेतला. मुलांच्या खेळासाठी मिळते ती धुतलेली वाळू दोन भाग, खत नसलेली माती एक भाग. स्वयंपाकघराच्या फरशीवर वर्तमानपत्रं पसरून मी कालवत होते आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. तिकडे बार्शीत पहाटेचे चार वाजले होते. आप्पा स्वेटर घालून, स्क्रीनच्या अगदी जवळ तोंड आणून बघत होते.

"मूठ आवळ."

बोटांच्या फटींतून पाणी आलं. "नाही. कोरडी घाल." पुन्हा कालवली, पुन्हा मूठ. ह्या वेळी उघडताच सगळं भसकन पसरलं. "नाही. हबका मार थोडा." तिसऱ्यांदा मूठ उघडली तेव्हा लाडू झाला होता. त्यावर माझ्या चारी बोटांचे ठसे स्वच्छ उमटले होते आणि तळवा फक्त गार लागत होता, ओला नव्हता. "आता सोड खाली." गुडघ्याइतक्या उंचीवरून सोडला. तीन तुकडे झाले, चिखलासारखा थापला नाही, पिठासारखा उडाला नाही.

"हां. हा वाफसा."

टब भरून दाबला, अंगठ्याने तिरपं भोक पाडून बघितलं. भिंत उभी राहिली. टब पिंजऱ्यात ठेवला, चिखलाचा कोपरा झाकला, बाहेरून जुनी चादर लावली. अंडी घालताना मादीला माणूस दिसला तर ती काम अर्धवट टाकते, म्हणून लेकीलाही खोलीत येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चादरीच्या फटीतून बघितलं तेव्हा नुसतं शेपटाचं टोक मातीबाहेर होतं. रात्रभर ती आतच होती. सकाळी बोगदा बुजवलेला, वरची माती पायांनी थापून सपाट केलेली, आणि शालू फांदीवर. खंगलेली, नाकावर वाळू, डोक्यावरच्या तुऱ्याला माती. चौतीस अंडी निघाली. मी पंप सुरू केला आणि ती वीस मिनिटं पाणी पीत राहिली.

मग मार्चमध्ये सगळा पिंजरा उपसला. फायकसची मुळं काळी, बोटांनी ओढली तर साल हातात येत होती. ते वाचलं नाही. मनी प्लांट कशानेही मरत नाही. नव्या मातीत कोकोपीट कमी केलं, ऑर्किड लावायला वापरतात ती झाडाची साल, वाळू, थोडा कोळसा घातला, म्हणजे हवा खेळेल. अर्ध्या भागात माती एक फूट खोल ठेवली, कारण शालूला पुन्हा लागणार होतीच. एका कोपऱ्यात तळापर्यंत प्लास्टिकचा पाइप उभा केला; आमच्या घरात त्याचं नाव विहीर. आत काडी घालून पाणी किती साठलंय बघायचं, बोटभर झालं की मोठ्या सिरिंजने ओढून काढायचं. मातीवर परसातल्या ओकच्या वाळक्या पानांचं आच्छादन घातलं. वरून कोरडं, खाली ओल धरून, आणि आयसोपॉडना घर.

हवेचा बंदोबस्त वेगळा केला. पिंजऱ्याच्या तीन बाजूंना पारदर्शक प्लास्टिक लावलं, पुढची बाजू आणि वरचं छत उघडं. फवारणी दोनदाच, पहाटे दिवे लागायच्या आधी आणि रात्री दिवे गेल्यावर. मध्यरात्रीनंतर फॉगर, बारीक धुकं. येमेनच्या डोंगरातही रात्र गार आणि दमट असते, दिवस कोरडा. शॅमेलियनला तसंच मानवतं. रात्री खोली १८ अंशांवर उतरते म्हणून हे चालतं. उबेत धुकं सोडलं तर फुप्फुसांना संसर्ग होतो. दिवसा ४० टक्के, रात्री ८५ च्या आसपास, आणि मातीत जाणारं पाणी आधीच्या पावपट. जास्वंदीला तहान जास्त, तिला बुंध्याशी हाताने घालते.

आणखी एक चूक ह्याच उपशात सापडली. आमच्या भागातलं पाणी जड, म्हणून घराला सॉफ्टनर बसवलेला आहे. तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. तेच पाणी मी सहा महिने फवारत होते. पानांच्या कडा करपल्या होत्या त्या बहुतेक ह्यानेच. खारवट विहिरीच्या पाण्याने रान कसं चोपण, घट्ट आणि नापीक होतं ते लहानपणी डोळ्यांनी बघितलेलं, आणि स्वतःच्या हाताने तेच केलं ह्याचं मला फार वाईट वाटलं. आता दुकानातून डिस्टिल्ड पाणी आणते.

माती मोजायला यंत्र घेतलं नाही. एक लाकडी चॉपस्टिक कायम मातीत उभी असते. रोज उपसून बघायची: टोकाला गार, गडद, कण चिकटलेले आणि वरचं दीड इंच कोरडं, म्हणजे ठीक. पूर्ण गडद असेल तर दोन दिवस बुंध्याला पाणी बंद. चिलटं एप्रिलपर्यंत गेली. आता आच्छादन उचललं की पहिल्या पावसानंतर येतो तसा वास येतो.

शालूचं खाणं एक दिवसाआड केलं, ऊन शेकायचा दिवा थोडा मंद केला. त्याने अंडी कमी धरतात आणि मादीच्या अंगातलं कॅल्शियम वाचतं. तरी जुलैत ती पुन्हा खाली उतरली. ह्या वेळी टब ठेवला नाही. चादर लावली, फोन फटीत अडकवला आणि आप्पांना जोडून दिलं.

ती ओकची पानं बाजूला करत आत शिरली. मागच्या पायांनी माती मागे लोटत होती, भुसभुशीत, थोडी काळसर, आणि बोगद्याचं तोंड गोल उभं होतं. आप्पा तिकडे काही बोलत नव्हते. पंधरा-वीस मिनिटांनी आत्याबाई चहा घेऊन आल्या असाव्यात, कपबशीचा आवाज आला. आप्पांनी त्यांना हळूच सांगितलेलं ऐकू आलं, "बोलू नका. पेरणी चाललीय."

एकवीस निघाली. शालू वर आली, जास्वंदीच्या पानावर बसली आणि पंप सुरू व्हायची वाट बघत तोंड किंचित वर करून थांबली.