विद्यापीठाचे आवार की ओळखीचे महाविद्यालय?

भाचीला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करायचे आहे आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विभाग तिला मानवेल का, या प्रश्नावर आम्ही दोघी गेले पंधरा दिवस मनापासून विचार करत आहोत. १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे गणेशखिंडीतील आवार ४०० एकरांहून मोठे आहे. मात्र पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांतही याच विद्यापीठाची पदवी मिळते, म्हणून पदवीच्या कागदापेक्षा तिथले दिवस कसे जातील हे मला महत्त्वाचे वाटते. आवारातच आयुका हे खगोलशास्त्राचे संशोधन केंद्र आहे, जयकर ग्रंथालय आहे आणि व्याख्यान संपल्यावर संशोधकांना प्रत्यक्ष प्रश्न विचारण्याची संधी आहे. परंतु ती संधी कोणी हाती आणून देत नाही, स्वतःहून पुढे व्हावे लागते. भाची अबोल आहे. नाशिकच्या तिच्या महाविद्यालयात शिक्षक तिला नावाने ओळखतात आणि ही गोष्ट मी क्षुल्लक मानत नाही. म्हणून वसतिगृहाची चौकशी करण्याआधी आम्ही एक पूर्ण दिवस विभागात घालवणार आहोत: प्रयोगशाळा पाहू, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलू आणि संध्याकाळी तासभर तिला एकटीलाच आवारातल्या झाडांखालून हिंडू देऊ.