मेलेलं टर्मिनल

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या आमच्या कारखान्यात नव्वदच्या सुमारास कंप्युटर आला, असं सगळे सांगतात. पण तो पाहिला फार थोड्यांनी. ईडीपीच्या, म्हणजे कंप्युटर विभागाच्या काचेच्या खोलीत, एसीच्या गारव्यात त्याचा मुक्काम. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या. बाकीच्या कारखान्याला कंप्युटर म्हणून जे ठाऊक होतं ती त्याची टर्मिनलं, म्हणजे तारेनं त्याला जोडलेले पडदे आणि कीबोर्ड. स्टोअर्सला एक, डिस्पॅचला एक, अकाउंट्सला दोन-तीन. टीटीसी या आमच्या औद्योगिक पट्ट्यातली धूळ खात आणि चहाचे शिंतोडे झेलत बसलेली. मी ईडीपीतली असूनही माझी माया या बाहेरच्यांवर. आतल्या डब्याशी कामापुरतं.

टर्मिनलला स्वतःची अक्कल अशी नसतेच. दाबलेलं अक्षर तारेतून आत पाठवायचं, आतून येईल ते पडद्यावर मांडायचं, संपलं. बहुतेक वेळा तर आपण टाइप केलेलं अक्षरही ते आपणहून दाखवत नसे. ते आत जाऊन परत आलं की मगच दिसायचं. त्यामुळे एकाचा भार सगळ्यांना कळायचा. बोटं पुढे गेली आणि अक्षरं मागून रखडत यायला लागली, की स्टोअर्सवाले म्हणायचे, "अकाउंट्सनं पगार काढायला घेतला वाटतं." अंदाज सहसा बरोबर निघायचा.

पडदा २४ ओळींचा, ओळीत ८० अक्षरं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं व्हीटी-१०० हे टर्मिनल १९७८ साली आलं आणि इतकं चाललं, की दुसऱ्या कंपन्यांची टर्मिनलंही त्याची सोंगं घेऊ लागली. ८०चा आकडा त्याहून जुना; आयबीएमच्या १९२८ सालच्या पंचकार्डावर, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवायच्या कार्डावर, ८० रकाने होते, तिथून तो चालत आलेला. तारेचा वेग सेकंदाला ९६०० बिट ठेवला तर, एका अक्षरामागे दहा बिट धरून, सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात, म्हणजे अख्खा पडदा भरायला दोन सेकंद. वरून खाली ओळी उमटताना दिसायच्या. मला ते फार आवडायचं. आता सगळं एकदम येतं आणि आपण ते वाचतही नाही.

तारेचीही एक गंमत होती. २५ पिनांची ती जोडणी, पुस्तकाप्रमाणे पंधराएक मीटरपर्यंतची. आमचं स्टोअर्स पलीकडच्या शेडमध्ये! केबल लांबवली, वेग उतरवला आणि भागवलं. शेजारी वेल्डिंग सुरू झालं की पडद्यावर भलतीच चिन्हं उमटायची, तेवढं सोडलं तर तक्रार नाही.

तक्रार यायची ती वेगळीच. स्टोअर्सचे काका फोन करायचे, "मॅडम, मेलं." जाऊन पाहावं तर पडदा नीट दिसतोय, पण काही केल्या हलत नाही. बोट चुकून कंट्रोल आणि एस या कळांवर एकत्र पडलेलं असायचं. कंट्रोल-क्यू दाबलं की साचलेलं सगळं भडाभडा बाहेर. काकांना तो चमत्कार वाटायचा आणि मीही बरेच दिवस तो चमत्कारच राहू दिला. या दोन कळांचं मूळ पडद्याच्याही आधीचं आहे. १९६३ सालचं टेलिटाइप मॉडेल ३३, सेकंदाला १० अक्षरं कागदावर बडवणारं. त्याच्या कागदी पट्टीच्या रीडरला 'थांब' आणि 'चल' सांगायला हे संकेत होते. पट्टी गेली, टेलिटाइप गेलं, संकेत राहिले. माझा भाचा ऐरोलीत आयटीत आहे. घरून काम करताना एकदा ओरडला, "मावशी, हे हँग झालं!" टर्मिनलचं सोंग घेणाऱ्या काळ्या खिडकीत त्यानं सवयीनं सेव्ह करायला कंट्रोल-एस दाबलं होतं. पोळी लाटता लाटता मी म्हटलं, "क्यू दाब." त्या दिवसापासून घरात माझा भाव वधारला आहे.

देवनागरीही या पडद्यांवर आली, पण पडद्याला थोडी अक्कल देऊनच. पुण्याच्या सी-डॅकनं जिस्ट हे तंत्र वापरून भारतीय लिप्या दाखवणारी टर्मिनलं काढली. १९९१च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेत-प्रमाणात आठ बिटांत बसणाऱ्या २५६ संकेतांपैकी खालचा अर्धा भाग इंग्रजीला आणि वरचा आपल्या अक्षरांना होता. तारेतून क, हलन्त, ष असे सुटे सुटे जायचे आणि त्यांचा 'क्ष' टर्मिनल जुळवायचं. लाइन सात बिटांवर राहिली तर मात्र आठवा बिट गळून पडायचा आणि कुलकर्ण्यांच्या जागी इंग्रजी चिन्हांची रांग.

अख्खी ओळ एका दमात छापणाऱ्या लाइन प्रिंटरबद्दल काय सांगावं! १३२ रकान्यांचा, झाकण उघडं राहिलं तर फोनवर बोलणं अशक्य. त्याचे हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे पाठकोरे कागद आमच्या नौपाड्यातल्या किती पोरांनी गणितं करून संपवले असतील. कडेच्या भोकाभोकांच्या पट्ट्या तर फाडायलाच मजा यायची.

टर्मिनलं भंगारात गेली, लाइन प्रिंटरही गेला. त्याचा धाकटा भाऊ, डॉट मॅट्रिक्स, मात्र टिकला. तुर्भ्याच्या मार्केटात किंवा कळंबोलीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाऊन पाहा, अजून करकरतोय. कारण साधं आहे. त्याच्या सुया रिबनवर खरोखर आपटतात, म्हणून खालच्या कार्बनवरही उमटतं. लेझर कितीही देखणा असला तरी तो कागदाला ठोसा मारत नाही. जोवर ड्रायव्हरला एक, गिऱ्हाइकाला एक आणि ऑफिसला एक अशा तीन प्रती एका दमात लागताहेत, तोवर त्याला तिथून कुणी उठवत नाही.