वरच्या अंगाची विहीर

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात दिंडोरीकडचे एक अण्णा सातपूरला आमच्या पाणी तपासायच्या लॅबमध्ये आले. हातात कोल्ड्रिंकच्या बाटलीत विहिरीचं पाणी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली द्राक्षाची पानं. खरड छाटणीनंतर फुटलेल्या काडीवरची कोवळी पानं, पण कडा भाजल्यासारख्या करपलेल्या. त्यांच्या मळ्याच्या वर एक बंद पडलेली दगडखाण आहे. गावचा कचरा कित्येक वर्षं त्या खाणीत पडतोय.

"ताई, कचऱ्यामुळंच झालंय, एवढं लिहून द्या."

मला ते लिहिता आलं नाही. त्या दिवशी मला रात्री झोपही नीट लागली नाही.

बाटलीतल्या पाण्यात क्लोराइड, म्हणजे मिठात असतो तो क्षार, भरपूर निघालं होतं. कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याची, म्हणजे लीचेटची, पहिली चाहूल बहुतेक वेळा क्लोराइडच देतं. ते मातीला चिकटत नाही, जिवाणू त्याला खात नाहीत, पाणी जाईल तिथे तेही जातं. पण ते म्युरेट ऑफ पोटॅश या खतातूनही येतं, गोठ्याच्या उकिरड्यातूनही येतं, आणि उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की आपोआप दाट होतं. एका विहिरीच्या एका आकड्यावरून दोष कुणाचा हे ठरत नाही. त्याच दिवशीचं, कचऱ्याच्या वरच्या अंगाच्या विहिरीचं पाणी लागतं, आणि कचरा पडायच्या आधीचा आकडा लागतो.

हा आधीचा आकडाच कुठे नव्हता. खरं तर कचरा भरायची जागा सुरू करण्याआधी तिथल्या भूजलाची तपासणी करून ती नोंद जपून ठेवायची, हे २००० सालच्या घनकचरा नियमांतही होतं आणि २०१६च्या नियमांतही होतं. नंतर हद्दीपासून ५० मीटरच्या आतलं पाणी उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळा सरल्यावर तपासायचं. तळाशी ९० सेंटिमीटर घट्ट चिकणमाती, तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचा एचडीपीईचा, म्हणजे चिवट प्लास्टिकचा कागद, त्यावर खडीचा थर आणि त्यात भोकं पाडलेले पाइप. पाइपांना उतार असतो, काळं पाणी एका खड्ड्यात जमतं आणि पंपाने उपसून शुद्धीकरणाला जातं. पंप बंद राहिला किंवा पाइप गाळाने चोंदले, तर कागदावर पाणी चढत जातं आणि एखादं बारीक छिद्रही महागात पडतं. अण्णांच्या वरच्या खाणीत यातलं काहीच नाही. उलट सुरुंगांनी तळाच्या पाषाणाला आणखी भेगा पाडल्या आहेत.

रविवारी मी स्वतः गेले. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी जमिनीच्या उताराने जाईलच असं नाही, ते भेगा शोधत जातं. म्हणून 'वरची' विहीर नुसत्या नजरेने ठरवायची नव्हती. ओळखीच्या सर्व्हेअरने डम्पी लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण आणली, तीन विहिरींच्या कठड्यांची उंची घेतली, टेप सोडून पाणी किती खोल आहे ते मोजलं. तेव्हा कळलं की जी विहीर वरची म्हणून अण्णांनी दाखवली होती, तिचं पाणी खाणीपेक्षा खालच्या पातळीला होतं. खरी वरची विहीर खाणीपलीकडची, पिंपळ उगवलेली, कुणी वापरत नसलेली.

तिन्ही ठिकाणी अण्णांच्या नातवाने बाटल्या भरल्या. मी त्याला एकच पक्कं शिकवलं: बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, आणि कोल्ड्रिंकची कधीच वापरायची नाही. धातूंच्या तपासणीची बाटली वेगळी, तिच्यात आधीच नायट्रिक आम्ल असतं, म्हणून ती विसळायची नाही. मग सगळं बर्फाच्या पेटीत.

पिंपळाच्या विहिरीत क्लोराइड लिटरला ५८ मिलिग्रॅम. अण्णांच्या विहिरीत ५४०. पोटॅशची पावती पाहिली, ते सल्फेटवालं होतं, त्यात क्लोराइड जवळपास नसतंच. संशय दाट झाला, तरी अहवालात मी आकडे, तारीख आणि पाण्याची पातळी एवढंच लिहिलं. अण्णा नाराज झाले. मी त्यांना म्हटलं, आज फक्त पहिली ओळ झालीय, मला अजून ओळी हव्यात.

दिवाळीनंतर दुसरी ओळ झाली, या मे महिन्यात तिसरी. वही अण्णांकडेच असते, तारखा नातू घालतो. नुकताच पहिला मोठा पाऊस झाला आणि आठव्या दिवशी फोन आला, "ताई, पाणी दोन परस चढलं. बाटल्या घेऊन कधी येताय?"