आमची वाटचाल : टाकी भरली की बरी चालते

1994 च्या दसऱ्याला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पत्र्याचे एक शेड भाड्याने घेऊन आम्ही दोघांनी डिझेल गाड्यांच्या दुरुस्तीचे काम सुरू केले. माझ्याकडे पान्यांचा एक सेट, एक जॅक आणि बायकोच्या पाटल्या मोडून आलेले पैसे होते; माझ्या भागीदारांकडे त्यांचे कान होते. सगळे उद्यमनगर त्यांना मामा म्हणत असे. ऑइल इंजिनच्या कारखान्यात त्यांनी पंधरा वर्षे टेस्टिंगवर काढली होती. दीड हात लांबीची, लाकडी मुठीची एक पोलादी सळई ते सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलवर टेकवीत, मूठ कानाला लावीत आणि कोणता सिलिंडर आळस करतो आहे हे बोटाने दाखवीत. ती सळई आजही आमच्याकडे आहे, मात्र ती कानाला लावून मला मामांच्या निम्मेही ऐकू येत नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

मामांची आणखी एक सवय होती, जिचा मला त्या काळी राग येत असे. गाडी आली की ते बॉनेट उघडू देत नसत. ड्रायव्हरला बाकावर बसवीत, चहा मागवीत आणि गाडी कधी, कोठे, किती मालावर, सकाळी की दुपारी त्रास देते, हे अर्धा अर्धा तास विचारीत राहत. बाहेर दोन गाड्या खोळंबलेल्या असताना चाललेली ही चौकशी मला वेळेची नासाडी वाटे. 1999 साली मामा राधानगरीकडे आपल्या शेतीवर परतले आणि चहाचा तो बाक आम्ही सामान ठेवण्यासाठी वापरू लागलो. त्यानंतरची सोळा-सतरा वर्षे धंदा व्यवस्थित चालला, मुलांची शिक्षणे झाली, शेडचे पत्रे बदलले. त्या वर्षांविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नाही.

लिहायचे आहे ते 2016 च्या पावसाळ्यापासून पुढचे. त्या वर्षी मी पतसंस्थेचे कर्ज काढून नवा नोझल टेस्टर घेतला. तोपर्यंत आम्ही नोझल तपासायला बाहेर पाठवीत होतो आणि आलेल्या निकालावर विश्वास ठेवीत होतो. टेस्टरच्या हाताच्या दांड्याने डिझेलचा दाब वाढवीत न्यायचा, काट्याकडे डोळा ठेवायचा आणि नोझल कोणत्या दाबाला उघडते ते पाहायचे. सुस्थितीतील नोझल ठरलेल्या दाबाला करकर आवाज करीत उघडते आणि धुक्यासारखा बारीक फवारा मारते. झिजलेले नोझल दाबाआधीच उघडते, धार सोडते किंवा टोकाशी थेंब धरून बसते. पहिले काही दिवस मी प्रत्येक गाडीची नोझले काढून टेस्टरवर चढवीत होतो, ज्यांना गरज नव्हती त्यांचीसुद्धा.

त्याच वर्षी आमच्या समोरच्या बाजूला नवे गॅरेज उघडले. उघडणारा माझ्याकडे नऊ वर्षे काम केलेला मुलगा होता. पाना कसा धरायचा हे त्याला माझ्याच शेडमध्ये कळले. उद्घाटनाला मी गेलो, नारळही फोडला. त्याच्या फलकावर हातात स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोष वाचणारे यंत्र, धरलेला त्याचा फोटो होता, आणि खाली लिहिले होते की येथे अंदाजाने काम होत नाही. हे वाक्य कोणाला उद्देशून होते, हे गल्लीतील चहावाल्यालाही समजले होते. मी तेव्हा काही बोललो नाही, आज लिहितो आहे.

ऑक्टोबरात, गुळाचा हंगाम तोंडावर आलेला असताना, आण्णांची पिकअप आली. आण्णा करवीर तालुक्यातले, स्वतःचे गुऱ्हाळ असलेले. गुळाचे रवे शाहू मार्केट यार्डात पोचवायचे, आणि अधूनमधून गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून कोकणात माल टाकून यायचे, असा त्यांच्या गाडीचा दिनक्रम होता. गाडी 2006 ची, चार सिलिंडरचे डिझेल इंजिन, चारही नोझलांना दाबाने डिझेल वाटणारा एकच रोटरी पंप. वायरिंग म्हणावे तर दिवे, स्टार्टर, हॉर्न आणि डिझेल तोडून इंजिन बंद करणारा पंपावरचा सोलेनॉइड, म्हणजे विजेचा खटका, एवढेच. घेतल्यापासून तिला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नव्हता. आण्णा म्हणाले, "मिस्त्री, उभी असली की खोकल्यागत करत्या, आणि चढाला पाय दिला की आवंढा गिळत्या. टाकी भरली की मात्र बरी चालत्या."

गाडीचे दुखणे या तीन वाक्यांत पुरते सांगून झाले होते. पहिली दोन मी ऐकली. तिसरे वाक्य बोलले जात असताना माझा हात बॉनेटच्या खटक्यावर होता आणि डोळे नव्या टेस्टरकडे होते.

इंजिन चालू ठेवून नोझलच्या पाईपचे नट मी एकेक करून किंचित ढिले केले. चांगल्या सिलिंडरचा नट ढिला केला की इंजिन तेवढ्यापुरते खाली बसते. ज्याचा नट ढिला करूनही आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करीत नाही. येथे चारही सिलिंडर थोडे थोडे फरक दाखवीत होते, आणि दोष कधी दुसऱ्यात तर कधी चौथ्यात सरकत होता. सरकणारा दोष नोझलचा नसतो, हे मला माहीत होते. तरीही मी नोझले काढली. टेस्टरवर दोन नोझले खरोखरच लवकर उघडत होती, एकाच्या टोकाला थेंब होता. मला जे हवे होते ते सापडले. चारही टोके नवी बसवली, आण्णांनी टाकी फुल्ल केली, आणि गाडी चांगली चालली. साधारण आठ दिवस.

नोव्हेंबरात नोटबंदी झाली. यार्डातले रोखीचे व्यवहार थंडावले, उधारी अडकली, आणि पतसंस्थेचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला येत राहिला. अशा दिवसांत आण्णा पुन्हा आले, तीच तक्रार घेऊन. या वेळी मी पंप उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे मोजून जुळवायला, पाठवला, टायमिंग म्हणजे डिझेल फवारण्याची वेळ नव्याने लावली, व्हॉल्व हलवणाऱ्या टॅपेटची फट फिलर गेजने तपासून बसवली, डिझेल फिल्टर बदलला. आण्णांनी गुळाच्या पैशांतून बिल भागवले. गाडी दहा दिवस चालली आणि मग पहिल्यापेक्षा वाईट झाली, कारण आता थंडीत सकाळी स्टार्टरही बराच वेळ फिरवावा लागत होता.

डिसेंबरच्या शेवटी आण्णा गाडी घेऊन माझ्या दारावरून पुढे गेले आणि समोरच्या गॅरेजमध्ये थांबले. मी शेडच्या दारात उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, आणि त्यांचा मला राग आला नाही. समोर काय झाले हे मला नंतर कळले. स्कॅनर लावण्यासाठी त्या गाडीला सॉकेटच नव्हते. तेव्हा अंदाजाने काम न करणाऱ्यांनी अंदाजानेच ठरवले की आमच्याकडून आलेला पंप खराब आहे, आणि दुसरा जुना पंप आणून बसवला. दोष तरीही गेला नाही. परंतु त्या तीन आठवड्यांत यार्डात उभ्या राहणाऱ्या पिकअपवाल्यांमध्ये एवढेच पसरले की उद्यमनगरातल्या अमक्याने आण्णांचे पैसे पाण्यात घातले. समोरच्याने घातलेल्या पैशांचा हिशेब कोणी केला नाही. दोन महिन्यांत आमच्याकडच्या ठरलेल्या गाड्या निम्म्याच्याही खाली आल्या. दोन हेल्परांपैकी एक फेब्रुवारीत समोर गेला. टेस्टर विकून हप्ते फेडावेत, असे मी घरी बोलून दाखवले आणि एका गिऱ्हाइकाला दाखवलाही होता. सगळ्याचे खापर नोटबंदीवर फोडणे सोपे होते, आणि मी काही काळ ते केलेही.

मार्चमध्ये एके दिवशी सकाळी आण्णा आले. म्हणाले, "सगळीकडं फिरून झालं. आता तुम्हीच बघा, न्हाईतर भंगारात घालतो."

त्या दिवशी मी बाकावरचे सामान उतरवले आणि चहा मागवला. तासभर आण्णा बोलत होते आणि मी ऐकत होतो. टाकी पाऊण असली की त्रास कमी, पाव राहिली की जास्त. रात्रभर उभी राहिली की स्टार्टर फिरवावा लागतो, दुपारी तासाभराने चालू केली तर नाही. घाट चढताना जास्त, सपाटीला कमी. काळा धूर नाही, निळाही नाही. झटका बसतो तेव्हा पांढरट धुराची एक झुळूक येते. हे ऐकत असताना माझ्या कानशिलांना घाम फुटला होता, कारण टाकीतील डिझेल कमी होते तसा पंपाला ते अधिक खालून ओढावे लागते, ओढ वाढली की फट असेल तेथून हवा आत येते, आणि गाडी उभी राहिली की त्याच फटीमुळे डिझेल टाकीकडे परत उतरते. हे मला पहिल्याच दिवशी समजायला हवे होते.

पाच लिटरचा डिझेलचा कॅन बॉनेटच्या दांडीला टांगला. टाकीकडून येणारा पाईप डिझेल ओढणाऱ्या फीड पंपापासून सोडवला, त्या जागी कॅनमधून नळी जोडली आणि परतीचा पाईपही कॅनमध्येच सोडला. हात पंपाने हवा काढून गाडी चालू केली. पहिली दोन मिनिटे ती खोकली, कारण पंपात राहिलेली हवा निघायची होती. मग इंजिनाचा आवाज एका लयीत बसला, आणि रेस दिली तर एकदाही न अडखळता वर गेली. आण्णा बाकावरून उठून उभे राहिले.

त्यानंतर टाकीचा पाईप पुन्हा जोडला, पण मध्ये हातभर पारदर्शक नळी घालून. आयडलिंगला नळीतून मोहरीएवढे बुडबुडे चालले होते. रेस दिली की त्यांचा फेस होत होता. असा बुडबुडा पंपाच्या दाबाच्या जागी गेला की तिथे दाब डिझेलवर पडण्याऐवजी हवेवर पडतो, हवा दबते, आणि त्या फेरीला नोझल उघडत नाही किंवा उशिरा उघडते. शिवाय रोटरी पंपात टायमिंग पुढे सरकते ते पंपाच्या पोटातील डिझेलच्या दाबावर; तिथे हवा शिरली की पाय देऊनही गाडी मागे ओढल्यासारखी होते. आण्णा जिला आवंढा म्हणत होते, तो हाच.

फट शोधायला दुपार गेली. टाकीपासून पुढे एकेक तुकडा टाळून पाहत आलो. हौद्याखाली, चासीच्या वरच्या अंगाला, दोन लोखंडी पाईप जोडणारा वीतभर रबरी तुकडा होता. त्यावर डिझेलचा एक थेंब नव्हता, कारण ओढीच्या बाजूचा पाईप बाहेर गळत नाही, आत हवा ओढतो. क्लिप सोडवून तो तुकडा वाकवला तेव्हा क्लिपच्या खाली केसाएवढ्या भेगा दिसल्या. रबर कडक झाले होते आणि क्लिप गरजेपेक्षा जास्त आवळलेली होती.

तो तुकडा माझ्याच शेडमध्ये बसला होता. 2015 साली गंजलेला पाईप कापून मी स्वतः तो जोड केला होता, आणि डिझेलचा पाईप हाताशी नसल्यामुळे साधा रबरी पाईप घातला होता. मी हे आण्णांना सांगितले. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, टाकी भरली की बरी चालत्या." आधीच्या नोझलच्या आणि पंपाच्या कामाचे पैसे मी परत देऊ केले. त्यांनी पंपाचे घेतले, नोझलचे घेतले नाहीत, कारण नोझले खराब होती हे मी टेस्टरवर त्यांना दाखवलेले होते. टेस्टर मी विकला नाही. यार्डातल्या गाड्या पावसाळ्यापर्यंत हळूहळू परत आल्या, कारण आण्णा जिथे थांबतील तिथे ही हकिकत सांगत होते, माझ्या रबरी तुकड्यासकट.

जुनी पिकअप ठेवणाऱ्यांना, कोणी विचारले नसतानाही, काही गोष्टी सांगून ठेवतो. इंजिन उभ्यावर थरथरते आणि पाय दिल्यावर अडखळते म्हणून नोझल किंवा पंपाचे नाव घेणाऱ्याला आधी डिझेल फिल्टर कधी बदलला ते विचारा. टाकीचे झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला तर टाकीत हवा जाण्याची वाट तुंबली आहे. त्याला दमडीचा खर्च नाही. इंजिनाच्या माउंटिंगचे रबर दबून गेले असले तरी थरथर येते आणि पंपाला फुकट बोल लागतो. कॅन टांगून पाहायला अर्धा तास पुरतो, आणि पंप उतरवण्याआधी तो अर्धा तास मागून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. मात्र गाडी कॉमन रेलची, म्हणजे एका सामाईक नळीत दाबून ठेवलेले डिझेल विजेच्या इंजेक्टरांनी फवारणारी, असेल तर नट ढिला करून सिलिंडर तपासण्याचा प्रकार कोणालाही करू देऊ नका. तिथे दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, आणि ती धार हातमोजा भेदून कातडीखाली शिरते. असा हात दिसायला टाचणी टोचल्यासारखा असला तरी त्याच घटकेला दवाखाना गाठावा लागतो. अशा गाडीत प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला एकेक बाटली लावून, कोणत्या बाटलीत डिझेल जास्त साठते ते पाहावे; संशय त्या इंजेक्टरवर. स्कॅनर रेलचा दाब कमी असल्याचे सांगतो, तो कशामुळे कमी आहे ते सांगत नाही. आता आमच्याकडेही स्कॅनर आहे, म्हणून हे द्वेषाने लिहिलेले नाही.

समोरचे गॅरेज आजही जोरात चालते. त्यांच्याकडे रोटरी पंपाची एखादी जुनी गाडी आली की संध्याकाळी त्यांचा पोरगा येतो आणि "काका, ती काचेगत दिसणारी नळी जरा देता का?" असे विचारतो. कोणी पाठवले हे तो सांगत नाही, मीही विचारत नाही. गेल्या दिवाळीच्या आधी नेलेली नळी अजून परत आलेली नाही.